वाटरफालचे अकरा झेब्रे

दक्षिण आफ्रिकेत क्रॅडॉक नावाचं गाव आहे. त्याच्या पश्चिमेला बँकबर्गची डोंगररांग. १९३७ साली या डोंगराच्या उतारावरचं ‘बाबिलोन्स टोरेन’ नावाचं शेत घेऊन तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. एवढा खटाटोप एकाच जनावरासाठी होता, केपच्या डोंगरी झेब्र्यासाठी. उद्यानात तेव्हा असे झेब्रे होते सहा. पाच नर आणि एक मादी.

जनावरांची पैदास ज्याला ठाऊक आहे, त्याला हा हिशेब ऐकूनच घोर लागेल. झेब्र्याची मादी वर्षभर शिंगरू पोटात वागवते, एका वेताला एकच शिंगरू देते, आणि पुढचं शिंगरू होईतो एक-दोन, कधी तीन वर्षं जातात. ती स्वतः पहिल्यांदा वितेपर्यंत चार-पाच वर्षांची झालेली असते. म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी त्या एका मादीच्या पोटून कळप उभा राहायला पिढी लोटली असती. सुरळीत काही झालंच नाही. १९५० उजाडेपर्यंत या कळपाचा वंश बुडाल्यात जमा होता.

उद्यानाची मागणी पहिल्यांदा झाली तेव्हा तर ती हसण्यावारी नेली गेली होती. जमीन खात्याचे मंत्री जनरल केम्प यांनी ‘ही तर फुटबॉलची जर्सी घातलेली गाढवं’ असं म्हणून ती उडवून लावली, अशी आठवण तिथे आजही सांगतात. केम्प काही जगावेगळे नव्हते. मेंढरांच्या तोंडचं गवत खाणारा प्राणी, एवढीच झेब्र्याची ओळख असलेल्या समाजात ते वाढले होते. पण ते हे बोलले तेव्हा त्याच केप प्रांतातल्या, झेब्र्याच्याच कुळातल्या एका प्राण्याचा निर्वंश होऊन पन्नास वर्षं उलटली होती. त्या प्राण्याची हकीकत सांगितल्याशिवाय क्रॅडॉकच्या सहा झेब्र्यांचं मोल कळत नाही.

त्याचं नाव क्वाग्गा. डोकं, मान आणि खांदे पट्टेरी. पाठीवरून मागे जाता जाता पट्टे फिकट होत जायचे आणि मागचं अंग नुसतं तपकिरी उरायचं. पाय आणि शेपटी पांढरी. कारूच्या कोरड्या माळावर आणि ऑरेंज नदीपलीकडच्या गवताळ प्रदेशाच्या दक्षिण भागात त्याचे कळप चरत असत. हे नाव त्याच्या ओरडण्यावरून मूळच्या खोईखोई लोकांनी दिलेलं. आपल्या वेंगुर्ल्यात जिची वखार होती त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ साली केपला ठाणं वसवलं. जहाजांना ताजं पाणी आणि भाजीपाला मिळावा, एवढाच मूळ हेतू. पण ठाण्याची वसाहत झाली. पुढच्या दीडशे वर्षांत गुराढोरांचे तांडे आणि बंदुका घेऊन डच शेतकरी आतल्या मुलखात सरकत गेले. अठराशेच्या सुमारास तिथला ब्लोबोक नावाचा निळसर हरिण संपला. केपचा काळ्या आयाळीचा सिंह त्यानंतर साठ वर्षंही टिकला नाही.

क्वाग्गाचं मांस गोऱ्या शेतकऱ्यांच्या पानात क्वचितच पडे. ते शेतावरच्या मजुरांना दिलं जाई. बोकड-मेंढा कापायचा तर पदरचा जातो, क्वाग्गाला लागते एक गोळी. कातडीच्या धान्याच्या गोण्या शिवत, वाद्या कापत, जोडे करत. १८३० नंतर मेरिनो मेंढीच्या लोकरीने केपला पैसा दिसू लागला तसा हा व्यवहार आणखी क्रूर झाला. आता क्वाग्गा फुकटचं मांस उरला नाही, चराईतला भागीदार ठरला. कोरड्या मुलखात झरे मोजके असतात. ते एकेक करून शेतांच्या हद्दीत गेले. कळपांच्या कळप गोळ्या घालून पाडले आणि कातडी गाड्या भरभरून बंदराकडे रवाना झाली. १८७०च्या दशकात मोकळ्या माळावरचा शेवटचा क्वाग्गा कुठेतरी मेला. कुणी, कुठे, कधी मारला याची नोंद नाही. तो शेवटचा आहे हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसणार.

आणि हेच जनावर युरोपात कौतुकाचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या हाइड पार्कात क्वाग्गा जुंपलेली गाडी फिरत असे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीची पाच छायाचित्रं उपलब्ध आहेत. जिवंत क्वाग्गाची म्हणून तेवढीच. ती मादी १८७२ साली मेली. पट्टेवाल्या घोड्याचं हे अप्रूप आपल्याकडेही जुनंच. १६२१ साली जहांगीर बादशहाकडे हबसाणातून एक झेब्रा आला, तेव्हा पट्टे रंगवलेले तर नाहीत ना अशी शंका दरबारात निघाली. उस्ताद मन्सूरने त्याचं जे चित्र काढलं ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दूरच्या देशात बादशहाला नजर करावी असं जनावर, आणि स्वतःच्या माळावर गोणपाटाच्या किमतीचं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या आर्टिस प्राणिसंग्रहालयात १८६७ साली आलेली एक मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी मेली. संग्रहालयाने केपकडे दुसरी मागवली. क्वाग्गा संपला हे तिथे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. ध्यानात न येण्याचं कारण साधं आणि भयंकर आहे. केपचे शेतकरी पट्टेरी दिसेल त्या प्रत्येक जनावराला क्वाग्गाच म्हणत. उत्तरेकडच्या माळावर साधे झेब्रे अजून हजारोंनी होते, त्यामुळे ‘क्वाग्गा’ लोकांना रोज दिसत होता. नाव जिवंत राहिलं आणि त्याच्या आड प्राणी नाहीसा झाला. केप सरकारने शिकारीवर निर्बंध घालून क्वाग्गाला संरक्षण दिलं ते १८८६ साली, म्हणजे शेवटची मादी मेल्यानंतर तीन वर्षांनी.

डोंगरी झेब्राही त्याच मुलखातला, त्याच बंदुकांच्या टप्प्यातला. मग तो कसा वाचला? याचं उत्तर त्याच्या अंगाकडे नीट पाहिलं की थोडं उलगडतं. हा झेब्र्यांमध्ये ठेंगणा. बैलाच्या गळ्याखाली पोळी लोंबते, तशी लहानशी पोळी याच्या गळ्याशी असते. दुसऱ्या कुठल्याच झेब्र्याला ती नसते. पट्टे पोटापाशी येऊन थांबतात, पोट पांढरं राहतं. नाकाडावर विटकरी तपकिरी झाक. पाठीच्या शेवटी, शेपटीच्या वर, बारीक आडव्या रेघांची जाळी. आणि खूर अरुंद, टणक, खडकावर घासून न झिजणारे. मेंढ्या जिथे नीट चरू शकत नाहीत आणि घोडेस्वार जिथे घोडा घालत नाही, अशा कड्यांवर तो सहज चढतो. माळावरचा क्वाग्गा उघड्यावर सापडला. याला पळून जायला निदान डोंगर होते.

पण डोंगरानेही सगळ्यांना सांभाळलं नाही. दक्षिण केपच्या किती तरी रांगांमध्ये याच्या लहान लहान टोळ्या होत्या. त्या एकेक करून संपल्या. १९५०च्या दशकात सगळे मिळून ऐंशीच्या आत उरले, तेही तीन ठिकाणी: क्रॅडॉकच्या परिसरात, कामानासी पर्वतात आणि गामका पर्वतात. एका ठिकाणचं जनावर दुसऱ्या ठिकाणी पोचण्याचा मार्ग उरला नव्हता. मधल्या सगळ्या खोऱ्यांत शेतं होती, तारांची कुंपणं होती.

इथे एच. एल. लोम्बार्ड या शेतकऱ्याचं नाव घ्यायलाच हवं. उद्यानाला लागून त्यांचं ‘वाटरफाल’ नावाचं शेत होतं आणि त्या शेतावर डोंगरी झेब्र्यांचा कळप होता. त्यांनी तो मारला नाही, हाकलला नाही. १९५० साली उद्यानातला वंश खुंटला तेव्हा लोम्बार्ड यांनी आपले अकरा झेब्रे उद्यानाला देऊन टाकले. पाच नर आणि सहा माद्या. क्रॅडॉकच्या उद्यानाचा खरा आरंभ १९३७चा नव्हे, या अकरा जनावरांपासूनचा आहे.

वन्यप्राण्यांच्या संवर्धनाचा इतिहास लिहिताना कायदे, आयोग, परिषदा यांच्या तारखा पानोपानी येतात. त्या यायलाच हव्यात. तरी या प्रकरणात कायद्याच्या आधी आणि कायद्याच्या पलीकडे एक शेतकरी उभा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुष्काळ पडला की त्याच्याही मेंढ्यांना गवत कमी पडत असणार. शेजारी त्यालाही चार शब्द ऐकवत असणार. कामानासीत आणि गामकात झेब्रे राहिले ते प्रामुख्याने त्या डोंगरांच्या दुर्गमपणामुळे. क्रॅडॉकला मात्र माणसांनी ते राहू दिले. क्वाग्गाच्या मुलखातल्या कुणा एका जमीनमालकाने असाच एखादा कळप आपल्या हद्दीत राखला असता, तर आज आपण त्याला संग्रहालयाच्या काचेआड पाहत नसतो.

१९६४ साली उद्यान वाढवून सुमारे साडेसहा हजार हेक्टर केलं गेलं. त्या वेळी शेजारच्या शेतावरचा आणखी एक कळप उद्यानात आला. आता संख्या हळूहळू चढू लागली. १९७०च्या दशकात बॅनी पेन्झहॉर्न या पशुवैद्यक-संशोधकाने याच उद्यानात या झेब्र्यांच्या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला. एक नर, त्याच्या मोजक्या माद्या आणि त्यांची शिंगरं असं कुटुंब वर्षानुवर्षं टिकतं. कुटुंब नसलेले तरुण नर वेगळी टोळी करून राहतात. ही माहिती पुढे जनावरं हलवताना उपयोगी पडली, कारण एकमेकांना परके असलेले पाच-दहा झेब्रे उचलून नव्या जागी सोडले म्हणजे कळप झाला, असं होत नाही. १९७८ पासून जनावरं दुसरीकडे न्यायला सुरुवात झाली: कारू राष्ट्रीय उद्यान, मग इतर राखीव क्षेत्रं, पुढे खासगी शेतं. २०१५ च्या सुमारास केपच्या डोंगरी झेब्र्यांची संख्या ४,७००च्या वर गेली होती. ऐंशीच्या आतून इथवर, साठ-पासष्ट वर्षांत. मोठ्या सस्तन प्राण्यांच्या बाबतीत असं यश फार थोड्यांना मिळालं आहे. २०१६ साली जोहान्सबर्गला भरलेल्या परिषदेत ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीतून याला खालच्या यादीत आणलं गेलं.

संख्येवर समाधान मानून थांबावं असं मात्र नाही. आजच्या हजारो झेब्र्यांपैकी बहुतेक सगळे क्रॅडॉकच्या त्या मूठभर जनावरांचे वंशज आहेत. कामानासी आणि गामकाच्या झेब्र्यांचं रक्त वेगळं. तिन्ही ठिकाणचे आनुवंशिक नमुने तपासले तेव्हा दिसलं, की प्रत्येक गटाने मूळ वारशाचा निराळा हिस्सा जपला आहे आणि बाकीचा गमावला आहे. गामकाबर्गचं राखीव क्षेत्र १९७४ साली मुख्यतः या झेब्र्यांसाठीच स्थापन झालं, पण तिथला कळप अगदी लहान संख्येतून आलेला. कामानासीचा कळप आजही छोटाच आहे. एखादा मोठा वणवा किंवा साथ यांनी यातला एक डोंगर रिकामा झाला, तर क्रॅडॉकमध्ये कितीही शिंगरं जन्मली तरी तो हिस्सा भरून निघणार नाही. रक्त आटल्याची खूण अंगावरही दिसू लागली. बोन्टेबोक राष्ट्रीय उद्यान आणि गारीप धरणाजवळचं राखीव क्षेत्र इथल्या झेब्र्यांच्या कातडीवर सार्कॉइड नावाच्या गाठी मोठ्या प्रमाणात आढळल्या. मुळातल्या थोड्या जनावरांत झालेल्या जवळच्या पैदाशीशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला आहे.

आनुवंशिकतेचं हे ज्ञान आपल्याला ज्या वाटेने मिळालं, ती वाटही क्वाग्गावरूनच जाते. राइनहोल्ड राऊ हे केप टाउनच्या संग्रहालयात प्राण्यांच्या कातडीत पेंढा भरून ते उभे करण्याचं काम करत. १९६९ साली त्यांनी तिथलं क्वाग्गाचं एक जुनं शिंगरू दुरुस्तीला उघडलं. पूर्वीच्या कारागिराने काम निगुतीने केलं नव्हतं. कातडीच्या आतल्या बाजूला मांसाचे वाळलेले कण, रक्तवाहिन्यांचे तुकडे तसेच चिकटून राहिले होते. राऊंनी ते खरवडून फेकून दिले नाहीत, जपून ठेवले. पुढे जर्मनीतल्या माइन्झच्या संग्रहालयातल्या क्वाग्गाचे असेच वाळलेले अवशेष कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात अ‍ॅलन विल्सन आणि रसेल हिगुची यांच्या प्रयोगशाळेत पोचले. १९८४ साली त्यातून डीएनएचे तुकडे वेगळे करण्यात यश आलं. नष्ट झालेल्या प्राण्याचा डीएनए हाती लागण्याची ही जगातली पहिली वेळ. त्यातून कळलं ते असं, की क्वाग्गा ही स्वतंत्र जात नव्हती. माळावरच्या साध्या झेब्र्याचीच ती दक्षिणेकडची उपजात होती.

राऊ यांनी यापुढचं पाऊल उचललं. क्वाग्गाचं रक्त साध्या झेब्र्यात विखुरलेलं असेल तर कमी पट्ट्यांचे झेब्रे निवडून, त्यांची पैदास करून तो रंग परत आणता येईल, असं त्यांना वाटे. १९८७ साली नामिबियातल्या एटोशा उद्यानातून नऊ झेब्रे आणून हा प्रकल्प सुरू झाला. राऊ २००६ साली वारले. प्रकल्प चालू आहे आणि आज मागचं अंग तपकिरी असलेले झेब्रे त्यात खरोखर जन्मतात. राऊंच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण माझ्या मते हा परत आलेला क्वाग्गा नव्हे. कातडीचा रंग जुळला तरी कारूच्या थंडीत, दुष्काळात आणि त्या विशिष्ट गवतावर लाखभर वर्षं घडलेलं त्याचं बाकीचं अंग कुणी पाहून ठेवलेलंच नाही, मग जुळवायचं कशाशी?

शिवाय साधा झेब्रा डोंगरी झेब्र्याच्या कुंपणात आला की नवाच धोका उभा राहतो. दोन्ही एकत्र ठेवलेल्या ठिकाणी त्यांच्यात संकर झाल्याचं आढळलं आहे. ज्या डोंगरी झेब्र्याचं रक्त आधीच पातळ झालं आहे, त्यात ही भेसळ परवडणारी नाही. म्हणून तिथल्या उद्यानांना आता साधे झेब्रे वेगळे काढावे लागतात.

कुंपण ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. कुंपणाने क्वाग्गाचं पाणी तोडलं आणि कुंपणानेच क्रॅडॉकचे अकरा झेब्रे वाचवले. आता तेच कुंपण तीन रक्तांना एकमेकांपासून तोडून आहे. उत्तरेला बोट्स्वानात याची दुसरी बाजू दिसली. गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून १९६८ साली ओकावांगो आणि माकगाडिकगाडी यांच्या मध्ये घातलेल्या कुंपणाने साध्या झेब्र्यांच्या स्थलांतराची वाट बंद केली. २००४ साली ते काढलं. त्यानंतर काही वर्षांतच संशोधकांनी गळ्यात पट्टे बांधलेल्या झेब्र्यांचा माग काढला, तेव्हा जाऊन-येऊन पाचशेहून अधिक किलोमीटरची ती वाट पुन्हा सुरू झालेली होती. कुंपण छत्तीस वर्षं उभं होतं. रानातला झेब्रा क्वचितच वीस वर्षं जगतो. त्या वाटेवरून आधी गेलेला एकही झेब्रा तेव्हा जिवंत असणं शक्य नव्हतं.

केपमध्ये कुंपणं पाडणं इतकं सोपं नाही, कारण मधली जमीन माणसांची आहे. म्हणून तिथे ट्रकांनीच स्थलांतर घडवावं लागतं. किनाऱ्याजवळच्या डी हूप राखीव क्षेत्रात क्रॅडॉकचे आणि कामानासीचे झेब्रे एकत्र सोडले गेले. दोन रक्तं मिसळलेला तो महत्त्वाचा कळप आहे. तरी त्याची वाढ मंदावली. का, हे शोधताना संशोधकांच्या हाती आलेली गोष्ट मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत बोलकी वाटते. जिथे चांगलं गवत मुबलक, तिथे शिंगरं जास्त जन्मतात आणि माद्यांचं प्रमाण चांगलं राहतं. जिथे फिनबॉसची झुडपं जास्त आणि गवत कमी, तिथे कळप रोडावतात, नर जास्त होतात. म्हणजे हा झेब्रा डोंगरावर सुखाने राहतो, असं नाही. माळावरून हुसकला गेल्यावर त्याने डोंगराचा आसरा घेतला आणि आपण त्यालाच त्याचं घर समजून बसलो. उद्यानंही मग त्याला डोंगराळ, शेतीला निरुपयोगी जमिनीवरच दिली गेली.

क्रॅडॉकचं उद्यान आज २८ हजार हेक्टरांवर पसरलं आहे, आणि त्यात गवताळ सपाट पठारही आहे. तिथे २००७ साली चित्ते आणि २०१३ साली सिंह सोडले गेले. शिकारी आल्यावरही तिथले झेब्रे टिकून आहेत, कारण पोटाला गवत आहे. डी हूपच्या कुंपणाबाहेर ओव्हरबर्गचा सुपीक माळ आहे. एके काळी तिथेही गवत होतं. आज तिथे क्षितिजापर्यंत गहू, बार्ली आणि कॅनोलाची शेतं आहेत. कामानासी आणि गामकाचं रक्त वाढवायचं तर त्या झेब्र्यांना असल्या सपाट, गवताळ जमिनीचा वाटा मिळायला हवा. ती जमीन विकत घ्यावी लागेल किंवा शेतकऱ्याने स्वखुशीने द्यावी लागेल. केपच्या डोंगरी झेब्र्यांपैकी बरेचसे आजही खासगी शेतांवर आहेत, तेव्हा ही बोलणी पुन्हा एकदा एखाद्या शेतकऱ्याच्या दारातच व्हायची आहेत.